माळ्यावरचा पाऊस

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर कपड्यांचं एक अरुंद कपाट आहे आणि त्या कपाटाच्या छताला एक चौकोनी लाकडी झाकण. घर दाखवणाऱ्या बाईनं आम्हाला फिरवून फिरवून सगळं दाखवलं, अगदी सांडपाण्याचा पाइप कुठून जातो तेसुद्धा, पण त्या झाकणाकडे तिनं नुसतं बोट केलं. "वर ॲटिक आहे," एवढं म्हणून ती जिना उतरायला लागली. मला बंद झाकण दिसलं की चैन पडत नाही. लहानपणी शेजाऱ्यांच्या डब्यांत डोकावल्याबद्दल मी मार खाल्लेला आहे आणि मोठेपणी त्याच खोडीवर पोट भरते आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. किल्ल्या हातात आल्या त्याच दिवशी मी शिडी लावली, झाकण ढकललं आणि डोकं वर घातलं.

उतरतं छप्पर, उघड्या तुळया, छपरातून खाली आलेली असंख्य खिळ्यांची टोकं आणि खाली, म्हणजे आमच्या खोल्यांच्या छतावर, बोटभर जाडीचा करडा भुसा. कडेला जिथे छप्पर टेकतं तिथल्या फटींतून उजेड येत होता, वाराही येत होता.

"काय दिसतंय?" खालून नवऱ्यानं विचारलं.

"माळा आहे रे."

"वा, सुटकेसेस ठेवायची सोय झाली."

पुढची काही वर्षं त्या जागेबद्दल आमची समजूत एवढीच होती. तिथे सुटकेसेस गेल्या, गणपतीचं मखर गेलं आणि पन्नास माणसं जेवायला येणार असली तरच खाली उतरणारी दोन पातेली गेली. त्या जागेला काही काम असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

घर टॅकोमात आहे, लाकडाचं, शंभरीला टेकलेलं. आमची ओळखीची मराठी मंडळी बहुतेक तासाभरावरच्या बेलव्ह्यू नाहीतर बॉथेलच्या नव्या घरांत राहतात आणि आमच्याकडे आली की "यार, म्युझियममध्ये राहता तुम्ही," म्हणून जिन्याची लाकडं वाजवून बघतात. इथला पाऊस कोसळत नाही, नुसता महिनोन् महिने झिरपत राहतो. आकड्यांत बघावं तर थंडी फार नसते, पण ती ओली असते. टॉवेल वाळत नाहीत, मिठाचे खडे होतात आणि सकाळी घातलेला स्वेटर दुपारी दमट लागतो. आम्ही दोघं त्याला सरावलो. आई सरावली नाही.

आई जळगावची. बाबा गेल्यापासून तिथल्या घरात एकटी असते. मी एकुलती एक, तेव्हा तिनं आमच्याकडे कायमचं यावं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. ग्रीन कार्डसाठी काय काय लागतं ते सगळं वाचून झालं होतं, नुसता तिचा होकार यायचा होता. गेल्या हिवाळ्यात ती राहायला आली ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत, त्याच माळ्याच्या खाली. जानेवारी उजाडायच्या आत म्हणाली, "मला जाऊ दे बाई. थंडी बाधते इथली."

"थंडी सोडून दुसरं काही?"

"छे गं. बाकी सगळं छान आहे. तेवढी थंडी."

माझ्या धंद्यात अशा तक्रारीला सोन्याचा भाव असतो. लोक सहसा 'चालत नाही' एवढंच कळवतात, नेमकं काय चालत नाही ते सांगत नाहीत. इथे आईनं नेमकं सांगितलं होतं. थंडी घालवली की आई राहील, असा सरळ हिशेब मी केला आणि पदर खोचला.

पहिला सुगावा तसा आईनंच दिला होता. जायच्या आधी एका सकाळी ती खिडकीशी चहा पीत उभी होती. रात्री आकाश निरभ्र होतं, गल्लीतल्या सगळ्या छपरांवर पांढरं दहिवर गोठलं होतं.

"सगळ्यांची छपरं पांढरी," ती म्हणाली, "आपलंच काळं का गं?"

मी बाहेर जाऊन बघितलं. खरंच, आमचंच छप्पर ओलं आणि काळं होतं. त्या प्रश्नानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला. कपाटातलं झाकण उघडून हात वर घातला, तर डिसेंबरात माळा छान कोमट होता. घर तापवणारी फर्नेस रात्रंदिवस जळत होती, आईच्या खोलीतली ऊब छतातून वर जात होती आणि आम्ही सुटकेसेसना शेकत होतो. आई बिचारी खाली दोन दुलया घेऊन कुडकुडत होती.

ती परत गेल्यावर मी हे प्रकरण हातात घेतलं. नवरा यांत्रिकी इंजिनिअर, पण मूळचा राजापूरचा. त्यामुळे घराच्या बाबतीत त्याची अक्कल एकाच गोष्टीभोवती फिरते: छप्पर गळता कामा नये. माझं म्हणणं, आधी सगळं समजून घेऊ. वाचताना मला मजा यायला लागली. माळ्यावर ऊब अडवणारा जाड थर घालायचा, पण त्याच्याआधी तारा आणि पाइप जिथून वर येतात त्या फटी फोमनं बुजवायच्या. इथवर ठीक होतं. पण छपराच्या कडेच्या फटी मात्र बुजवायच्या नाहीत. तिथून वारा खेळता राहिला पाहिजे. म्हणजे घर बंद आणि माळा उघडा. आम्हाला हे उलटंच वाटत होतं. नवरा तर त्या फटींत जुन्या चादरी कोंबायला निघाला होता.

"थंडी घालवायची म्हणतेस आणि वर वारा खेळवायचा?"

"वरची थंडी वर. खालची ऊब खाली. दोघींनी एकमेकींच्या घरी जायचं नाही."

"सासू-सुना आहेत का?" तो म्हणाला, पण चादरी त्यानं परत ठेवल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी आई पुन्हा आली. परतीचं तिकीट मी मुद्दामच काढलं नव्हतं. "आधी खोली बघ, मग ठरव," असं सांगून तिला आणलं होतं. आल्यावर एक कोरडा शनिवार बघून आम्ही मशीन भाड्यानं आणलं. अंगणात ते मशीन ठेवायचं, त्याच्या तोंडात मालाचे गठ्ठे फोडून टाकायचे आणि लांबलचक नळीतून तो माल थेट माळ्यावर उडवायचा. नळी धरून वर रांगायचं काम माझं. मशीन सांभाळायला नवरा. गठ्ठा फोडल्यावर आई जवळ आली. गाऊनवर स्वेटर, स्वेटरवर नवऱ्याचं जाकीट, तोंडाला मास्क.

"हे काय आहे?"

"जुने पेपर, आई. बारीक करून त्यात आग लागू नये म्हणून औषध घातलेलं असतं."

"म्हणजे रद्दी?"

"रद्दीच."

आई हसत सुटली. "आम्ही रद्दी विकतो. तुम्ही विकत आणून माळ्यावर टाकताय?" एवढं बोलून तिनं गठ्ठ्यात हात घातला आणि तो असा काही मोकळा केला की नवरा बघत राहिला. आम्ही नुसती ढेकळं टाकत होतो, म्हणून नळी तुंबत होती. तिनं परातीत भाकरीचं पीठ सैल करावं तसं ते सैल करून टाकायला सुरुवात केली. वर माझ्या हातातल्या नळीतून करडा पाऊस पडायला लागला, तुळया हळूहळू बुडाल्या. खालून आई ओरडत होती, "पुरे की अजून?" आणि मी वरून ओरडत होते, "अजून!" इतकी मजा आम्हा दोघींना कितीतरी वर्षांत आली नव्हती. संध्याकाळी तिच्या भुवयासुद्धा करड्या झाल्या होत्या.

खोलीचा कायापालट झाला. आई एका दुलईवर आली, मग दुलई पायाशी गेली. डिसेंबरात पहिली कडक थंडी पडली त्या सकाळी मी चपला घालून रस्त्यावर पळाले. आमचं छप्पर पांढरंशुभ्र होतं, गल्लीतल्या सगळ्यांसारखं. मी आईला खिडकीतून हात केला. तिनंही केला. मला वाटलं, जिंकलो.

दोन-चार दिवसांनी, लख्ख ऊन पडलेलं असताना, आईच्या खोलीचं छत गळायला लागलं.

थेंब तिच्या उशीवर पडला. नवरा ऑफिसचा कॉल अर्धा टाकून आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. त्याच्या दृष्टीनं जगातलं सगळ्यात मोठं संकट कोसळलं होतं. छपरावर चढायला निघाला, मी अडवला. माणूस बोलावून छप्पर तपासून घेतलं. कुठे फट नाही, कुठे आवरण उचकटलेलं नाही. बरं, पावसाचा तर गेला आठवडाभर पत्ता नव्हता. मग दोन दिवस पाऊस आला, तेव्हा थेंबही पडला नाही. पाऊस थांबला, पुन्हा थंडी पडली, ऊन आलं आणि पुन्हा टपटप सुरू.

पावसात न गळणारं आणि उन्हात गळणारं छप्पर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला आतून उकळ्या फुटत होत्या, इतकं ते कोडं छान होतं. पण आई खाली हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला लागली होती आणि एकदा चहा पिताना सहज म्हणाली, "राहू दे गं, मी जाते. उगाच तुम्हाला त्रास." तेव्हा माझी मजा संपली. गळणाऱ्या खोलीत आई राहणार नव्हती आणि ती एकदा गेली की परत येणार नव्हती, हे मला स्वच्छ दिसत होतं.

उलगडा तिनंच केला. थेंबाखाली मी एक पातेलं ठेवलं होतं. दुपारी ते ओतायला तिनं उचललं आणि मध्येच थांबली. नाकाशी नेलं.

"इकडे ये. वास घे."

मी घेतला. काही कळेना.

"हिंग," आई म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"अगं, जन्म गेला फोडण्या करण्यात. हे पावसाचं पाणी नाही. ही आपली आमटी आहे."

मी दुसऱ्या सकाळी ऊन यायच्या आधीच शिडी लावली आणि टॉर्च घेऊन डोकं वर घातलं. तिथे जे दिसलं ते मी विसरणार नाही. छपरातून आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर बर्फाची पांढरी टोपी होती. लाकडावर साखर पेरल्यासारखा थर होता. माळ्यावर एक आख्खा हिवाळा उतरला होता, इतका सुंदर की मी आईला हाका मारून शिडीखाली बोलावलं आणि फोनवर फोटो काढून दाखवला. आम्ही बघत असतानाच छपरावर ऊन आलं असावं, कारण एक टोपी निसटली आणि माझ्या कपाळावर थंड थेंब पडला. चाटून बघितलं नाही, पण वास घेतला. हिंग होतं.

आता ही आमटीची वाफ माळ्यावर आली कुठून, हे विचारायला फार लांब जावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या कोटांना ऑफिसात फोडणीचा वास यायला लागला होता. इथे राहणारा प्रत्येक मराठी माणूस या एका गोष्टीला टरकून असतो. लिफ्टमध्ये शेजारच्यानं नाक हलवलं तरी आपण आपली बाही हुंगतो. म्हणून आम्ही ओट्यावर जबरदस्त एक्झॉस्ट बसवला होता. त्याचा पाइप नवऱ्यानं जुन्या चुलीच्या बंद धुरांड्यातून वर नेला होता, हे मला माहीत होतं. वर गेल्यावर तो कुठे जातो, हे मी, म्हणजे शेजाऱ्यांचे डबे उघडणाऱ्या मी, कधी विचारलं नव्हतं. रद्दी उडवतानासुद्धा त्या कोपऱ्यातला पाइप बघून बाहेरच जात असेल, असं धरून मी पुढे सरकले होते.

"छपराबाहेर काढला होतास ना?" मी नवऱ्याला विचारलं.

तो उगाचच शिडी नीट धरायला लागला.

"अरे बोल ना."

"धुरांडं माळ्यावरच संपतं. तिथून कडेच्या फटीपाशी नेऊन ठेवलाय. तिथून जाईल ना बाहेर."

"ठेवलाय? नुसता?"

"मग काय छपराला भोक पाडायचं? इथल्या पावसात?"

त्याचा चेहरा बघून मला हसू फुटलं. राजापूरच्या माणसाला पावसाळी मुलखात धडधाकट छप्पर कापायला सांगणं म्हणजे पापच. त्यानं पाप टाळलं होतं आणि रोजचा कुकर, रोजची आमटी, रविवारचा रस्सा, सगळ्यांची वाफ माळ्यावर कोंडली होती. मग दोन वर्षं काहीच कसं झालं नाही, याचं उत्तर मला शिडी उतरता उतरता सापडलं. तेव्हा माळा आमच्या फुकटच्या उबेनं कोमट होता. वाफ कशीबशी वाळून जायची. आता आम्ही ऊब खाली अडवली, माळा बाहेरच्याइतका थंड पडला आणि आमटी खिळ्यांवर गोठायला लागली. ऊन पडलं की वितळायची. घर दुरुस्त केलं म्हणून बिघाड बाहेर आला होता.

आई हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती. "आम्ही जळगावात घर गार करायला छपरावर पाणी मारतो," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि जावईबापू, तुम्ही छपराखालीच पाऊस पाडलात की."

"चुकलं, आई," तो म्हणाला आणि कान धरले.

जानेवारीत छपरावर माणूस चढला आणि त्यानं गोल भोक कापलं. करवतीचा आवाज सुरू झाला तेव्हा नवरा गॅरेजमध्ये जाऊन बसला. त्याच्याच्यानं बघवेना. पाइप बाहेर निघाला, वर टोपी बसली, ओला झालेला माल काढून आम्ही नवा भरला. गठ्ठे पुन्हा आईनंच फोडले. छताचा डाग रंगवला. पुढच्या कडक थंडीत मी वर जाऊन बघितलं, तर खिळे कोरडे होते. मला जरासं वाईटही वाटलं.

त्या रविवारी आई टेबलाशी मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले.

"आई, खोली कशी आहे आता?"

"छान आहे गं. अगदी उबदार. पांघरूण लागत नाही."

"मग पेपर्स फाइल करू? ग्रीन कार्डचे?"

तिचे हात थांबले. तिनं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तू एवढं करशील, असं वाटलं नव्हतं मला. आता मी काय कारण सांगू?"

मला कळेना.

"थंडी वाजत होती, ते खरंच. पण थंडीपायी कुणी जातं का? स्वेटर घालता येतो. तुला वाईट वाटेल म्हणून मी थंडीवर ढकललं." तिनं एक काडी मोडली. "मला माझ्या घरी राहायचंय गं. तुझ्याकडे काही कमी नाही. पण तिथे माझ्या दाराला मी कुलूप लावते आणि मीच उघडते. दूधवाल्याशी मी भांडते. तेवढं आहे माझं. ते नको घेऊस."

मला आधी राग आला, आणि तो मी लपवलाही नाही. सगळा हिवाळा मी चुकीच्या तक्रारीमागे धावत होते आणि तिला ते ठाऊक होतं.

"मग ते गठ्ठे कशाला फोडलेस दोन-दोनदा? वास घेऊन शोधून कशाला काढलंस? गळत राहिलं असतं तर तुझं बरंच झालं असतं की. आयतं कारण मिळालं असतं."

"तुझं घर आहे ना," आई म्हणाली. "गळायला नको."

मग मात्र मला रडू आलं. तिनं मेथीचे हात गाऊनला पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले. मला तिनं राहायला हवं होतं, आजही हवं आहे, आणि ती राहणार नाही, हे त्या क्षणी मला पटलं.

थोड्या वेळानं, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "उन्हाळा तू कसा काढतेस तिथे? घर तर वरच्या मजल्यावर."

"तापतो स्लॅब. चटका बसतो. संध्याकाळी पाणी मारते गच्चीवर, मग रात्री जरा डोळा लागतो."

"पाइप लावून?"

"नळाला जोर कुठे असतो उन्हाळ्यात? बादल्या नेते."

"तू? जिन्यानं?"

"मग कोण?"

मी तिच्या हातांकडे बघितलं. माझ्या माळ्यावरचा एकेक खिळा मला पाठ होता. "किती तापतो स्लॅब?" मी विचारलं. "म्हणजे आतून हात लावला तर? आणि सगळीकडे सारखा तापतो, की टाकीच्या खाली कमी?"

"मला काय विचारतेस? येऊन बघ." तिनं पुन्हा जुडी हातात घेतली. "तू नेहमी नाताळाच्या सुटीत येतेस. तेव्हा स्लॅब गारच असतो."

मी लॅपटॉप ओढला आणि तिथेच, मेथीच्या पसाऱ्यात, एप्रिलच्या शेवटची जळगावला जायची तिकिटं बघायला लागले. दोन काढली, एक तिचं आणि एक माझं.